मांडीवरची जागा

आपल्याकडे मोटार घेताना पोरांना मोजत नाहीत. 'ती काय, मांडीवर बसतील!' घरी हेच ऐकलं. आम्ही मोठे चौघे, नातवंडं दोन. मग पाच जणांची गाडी पुरे.

पण ताशी पन्नासच्या वेगात धडक बसली, तर दहा किलोंचं लेकरू क्षणात कित्येक पटींनी जड होतं. ते कुणाच्याच हातांत राहत नाही, आईच्याही. २०१९च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, लेकरू मोलाचं.

म्हणजे जागा सहा हव्यात. सात आसनांच्या गाड्या पाहिल्या. खरी गोम मधल्या रांगेत! तिथली सीट दुमडल्याशिवाय मागे जाता येत नाही, आणि तिच्यावर बालआसन बांधलं की ती दुमडता येत नाही. मग आजी-आजोबांनी काय डिकीतून चढायचं? धाकटी आठ महिन्यांची. तिचं आसन मागे तोंड करून लावायचं, म्हणून पुढच्या सीटमागेही ऐसपैस जागा हवी. विक्रेता मात्र सनरूफच दाखवत होता.

तेव्हा शोरूममध्ये जाताना बालआसनं सोबत न्या, लावून बघा, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना मागे बसवून पाहा.

आम्ही मधे दोन सुट्या खुर्च्यांची सहा आसनी घेतली. खुर्च्यांमधून मागे जाता येतं, जरा अंग चोरून. सामानाचे मात्र हाल. तिन्ही रांगा उभ्या असल्या की अर्टिगासारख्या गाडीतही डिकी उरते २०९ लिटरची. ईदला गावी निघालो की बॅगा टपावर!