एक प्रश्न, चार तासिका



आठवी ते दहावी या तीन वर्षांत महाराष्ट्रातला विद्यार्थी भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल असे सगळे विषय एकाच वेळी शिकत असतो. दहावीत गणिताच्या बीजगणित आणि भूमिती अशा 40-40 गुणांच्या दोन लेखी परीक्षा होतात. विज्ञानाचेही दोन भाग असतात. परीक्षेसाठी ही विभागणी सोयीची आहे, पण शिकण्याला ती जाचते. बीजगणितात सरळ रेषेचा आलेख बिनचूक काढणारी मुलगी प्रयोगशाळेत ओहमच्या नियमाचा आलेख काढताना अडखळते. दोन्ही आलेख एकाच जातीचे आहेत, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

आठवीच्या भूगोलातला स्थानिक वेळेचा घटक घ्या. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाण वेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि मुंबई 72.8 अंशांच्या आसपास आहे. 9.7 ला चारने गुणले की सुमारे 39 मिनिटे येतात. म्हणून मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी 12 वाजून 39 मिनिटे झालेली असतात. शाळेच्या मैदानात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपली, तर हे उत्तर पडताळता येते. ही वेळ वर्षभर काही मिनिटांनी पुढेमागे सरकते. त्याचे कारण पृथ्वीचा कललेला आस आणि लंबवर्तुळाकार कक्षा. इथे भूगोलाचा हात विज्ञानाच्या हातात जातो.

पुढचे काम इतिहासाचे. 1906 साली प्रमाण वेळ लागू झाली, तेव्हा मुंबईत तिला कडवा विरोध झाला. गिरणी कामगारांनी आवाज उठवला, महापालिकेने शहराची जुनी वेळ सोडायला नकार दिला. देश स्वतंत्र झाला तेव्हाही शहरातल्या काही घड्याळांवर मुंबईची वेळच चालू होती. आता नववीच्या वर्गाला विचारावे: गावाचे घड्याळ कोणी ठरवायचे, सरकारने, नगरपालिकेने की सूर्याने? मुले बाजू घेतात, वाद घालतात. मग मराठीच्या तासाला त्याच विषयावर वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहून घेतले, तर त्या पत्रात मांडण्यासारखे काही खरोखर असते.

दहावीच्या अर्थनियोजन या प्रकरणाचेही असेच आहे. राज्यातल्या राज्यात हजार रुपयांच्या मालावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागला, तर 90 रुपये केंद्राचे आणि 90 राज्याचे. हे गणित मुलांना येते. पण हा दर ठरवते कोण?

त्याचे उत्तर 101 व्या घटनादुरुस्तीत आहे. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन आहे, सर्व राज्यांच्या मतांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. दोन तृतीयांश हे तीन चतुर्थांशांहून कमी, म्हणजे केंद्राला वगळून राज्यांना काही ठरवता येत नाही. एक तृतीयांशावर केंद्रालाही एकट्याने ठरवता येत नाही. अपूर्णांकांची एवढी साधी तुलना फळ्यावर मांडली की संघराज्य म्हणजे काय, हे मुलांना व्याख्या पाठ न करता कळते.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, दहावीचा ताण असतो, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. मात्र वर सांगितलेल्यातले बहुतेक घटक पाठ्यपुस्तकांत आधीच आहेत. शिकवण्याचा वेळही तोच आहे. फक्त भूगोलाच्या शिक्षिका स्थानिक वेळ कधी घेणार आहेत हे इतिहासाच्या शिक्षकांना ठाऊक नसते, कारण वार्षिक नियोजन प्रत्येक जण आपल्यापुरते भरून मुख्याध्यापकांकडे देतो. कला आणि विज्ञान यांच्यात कठोर भिंती नकोत, असे राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 म्हणते. त्या धोरणाची अंमलबजावणी शिक्षक कक्षातल्या टेबलावर होईल.

म्हणून या संमेलनातून परतणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आठवी, नववी आणि दहावीच्या सर्व विषयशिक्षकांनी एक दुपार एकत्र बसावे, आपापली वार्षिक नियोजने शेजारी शेजारी ठेवावीत, आणि प्रत्येक सत्रात निदान एक घटक तरी दोन विषयांच्या शिक्षकांनी एकाच आठवड्यात शिकवायचा, असे ठरवून उठावे.