तोंडचं पाणी पळतं तेव्हा



मराठीनं लाळेवर फार अन्याय केला आहे. लाळघोट्या म्हणजे हांजी हांजी करणारा, लाळ गाळणारा म्हणजे हावरट. पण तीच आटली की भाषा घाबरते आणि ‘तोंडचं पाणी पळालं’ म्हणते.

आपल्या तोंडात रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय ओठ-गालांच्या आत शेकडो बारीक ग्रंथी. घास भिजवणं, दातांवरचं आम्ल धुणं, जंतूंना आवर घालणं, बोलताना जीभ टाळूला चिकटू न देणं, ही सगळी तिचीच कामं.

माझी आपा, म्हणजे थोरली बहीण, तलासरीला असते. पन्नाशीत तिला नाचणीची भाकरी गिळेनाशी झाली. सुकट तोंडात घातली की वाळू चावल्यासारखं वाटे. रमजानमध्ये आमचे घसे दुपारनंतर सुकतात. तिचा सहरीला पाणी पिऊन उठतानाच कोरडा. डोळ्यांत खडे टोचत. दात हिरडीलगत किडू लागले. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं वय. एका दवाखान्यात तर ‘बायकांना या वयात असं होतंच’ म्हणून बोळवण झाली. दोन वर्षं अशीच गेली. शेवटी मुंबईत खालच्या ओठाच्या आतल्या मोहरीएवढ्या ग्रंथी काढून तपासल्या, रक्त तपासलं आणि आजाराचं नाव कळलं: श्योग्रेन.

हेन्रिक श्योग्रेन हे स्वीडनचे नेत्रवैद्य. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणींचे सांधेही दुखत होते. आजही या आजाराच्या दहा रुग्णांत नऊ स्त्रियाच असतात.

यात शरीराचे राखणदारच घर लुटतात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी लाळेच्या नलिकांभोवती घोळके करून बसतात. ओठाच्या तुकड्यात डॉक्टर शोधतात ते हेच घोळके. एकात किमान ५० पेशी असाव्या लागतात. त्यांच्यातून दाह वाढवणारी रसायनं पाझरतात आणि लाळ करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. पण मला चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पुष्कळदा बऱ्याच पेशी जिवंत असूनही तोंड कोरडं पडतं. म्हणजे विहिरीला पाणी आहे, मोटर शाबूत आहे, पण वायर कुरतडलेली. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत येणारा निरोप पेशीपर्यंत नीट पोचत नाही. काही रुग्णांत तो घेणाऱ्या जागेवरच प्रतिपिंडं चिकटतात. पेशीतून पाणी बाहेर सोडणारी दारंही जागची हलतात.

हा आजार कधी एकटा येतो, कधी संधिवाताच्या मागून. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी पाहणी केली. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवाती संधिवात आढळला. खेड्यातल्या बाईचे सांधे दुखतात तेव्हा तिच्या तोंडाची, डोळ्यांची चौकशी मात्र क्वचितच होते.

कोरडं तोंड म्हणजे हाच आजार असं मात्र नाही. मधुमेह, रक्तदाबाच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या, तंबाखू, यांनीही कोरड पडते. पण तीन महिन्यांहून अधिक काळ तोंड आणि डोळे दोन्ही कोरडे असतील, कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारावं. कानाखालची गाठ वाढत राहिली आणि बसेना, तर थांबू नये. या रुग्णांत लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा धोका इतरांहून जास्त असतो.

मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. पिलोकार्पिनच्या गोळीनं शिल्लक पेशींना जोर येतो. ते ब्राझीलच्या जाबोरांडी झुडपातून निघालं. तिथल्या आदिवासींच्या बोलीत या नावाचा अर्थच ‘लाळ सुटवणारं’. आमच्या वारली वैदूंना हे ऐकून नवल वाटणार नाही. गोळीनं घाम फार येतो आणि दमेकऱ्यानं ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकी फ्लोराइडची पेस्ट, घोट घोट पाणी, साखरेविना च्युइंगम. गोड गोळ्या चघळू नयेत. लाळ नसलेल्या तोंडात साखर दात पोखरते.

आपा आता भाकरी दुधात कुस्करून खाते. घोलवडचा पिकलेला चिकू तिला सोपा जातो. सुकट मात्र तिनं सोडली.