तुडतुड्याचे नाव



भाद्रपदात निमाडातील कपाशीच्या शेतात शिरून एखाद्या झाडाला हलकाच धक्का द्यावा. पानांखालून हिरवट ठिणग्या उडाव्यात तसे असंख्य चिमुकले जीव उसळतात आणि क्षणार्धात पुन्हा पानांआड नाहीसे होतात. मराठीत यांना तुडतुडे म्हणतात. इकडचा हिंदी बोलणारा शेतकरी त्यांना ‘हरा मच्छर’ म्हणतो. वास्तविक डासाशी त्यांचे काडीचेही नाते नाही. जवळचे नाते आहे ते उन्हाळ्यात झाडांवर कर्कश किरकिरणाऱ्या सिकाडांशी, आणि काहीसे दूरचे चक्क ढेकणाशी! ही सर्व मंडळी सोंडेने रस शोषून जगणारी.

कपाशीवरचा तुडतुडा म्हणजे तांदळाची कणी. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. तो खेकड्यासारखा तिरका चालतो आणि बोट जवळ नेले की पानाच्या पलीकडच्या बाजूस सरकतो. त्याच्या मागच्या पायांच्या नडगीवर बारीक काट्यांच्या रांगा असतात. अभ्यासक प्रथम पाहतो ते हे काटे. कारण त्यांवरूनच तुडतुडा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर उडत्या किड्यांतून निराळा काढता येतो. पायांनीच तो आपल्या अंगावर एक सूक्ष्म भुकटी चोळून घेतो. १९५० नंतरच्या काळात ही भुकटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा तिचा प्रत्येक कण जाळीदार चेंडूसारखा निघाला. पाणी आणि स्वतःचाच चिकट मळ अंगाला लागू नये म्हणून केलेली ही तजवीज आहे.

नभोवाणीवर बोलत असता आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हे कीटक गातात. परंतु आपले गाणे ते हवेत सोडत नाहीत. नर देठातून कंपने पाठवतो आणि त्याच झाडावर बसलेली मादी ती पायांनी टिपून त्याच वाटेने उत्तर देते. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ ओसियानिल्सन यांनी १९४९ साली या कीटक-वादकांवर एक मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला. जातीगणिक साद निराळी असते, तेव्हा आपल्या जातीचा कोण आणि परका कोण हे तुडतुड्यांना नीट ठाऊक असते. प्रश्न पडतो तो आपल्याला.

आणि हा प्रश्न लहान नाही. लिनियसने १७५८ साली प्राण्यांची नामावळी रचली, तेव्हा तुडतुडे, सिकाडा आणि त्यांचे सारे गणगोत ‘सिकाडा’ या एकाच नावाखाली बसवले होते. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १८०३ मध्ये ‘जॅसस’ ही प्रजाती निराळी केली आणि तिच्यावरून कुलाला जॅसिडी हे नाव पडले. आज शास्त्राच्या ग्रंथांत या कुलाचे नाव सिकाडेलिडी असे आहे. पण शेतीखात्याच्या पत्रकांत आणि कीटकनाशकांच्या दुकानांत ‘जॅसिड’ अजून ठाण मांडून आहे. जुनी नावे कागदावरून जातात, तोंडातून जात नाहीत. या एका कुलात जगभर २०,०००हून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि भारतातील जातीच १,०००हून अधिक भरतात. त्यांतील पुष्कळशा जातींची पहिली वर्णने लंडनमध्ये बसून डब्ल्यू. एल. डिस्टंट यांनी लिहिली. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील त्यांचे खंड १९०८ व १९१८ साली निघाले. डिस्टंट यांचा भर बाह्य रूपावर आणि रंगावर असे, आणि हिरव्या तुडतुड्यांच्या बाबतीत नेमका तोच फसवा ठरतो. सारेच हिरवे! पुढील अभ्यासकांना नराचे पोट क्षारात मऊ करून आतील जननेंद्रियाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांनी या कामाला आयुष्य वाहिले.

कपाशीच्या तुडतुड्याचे उदाहरण घ्या. १९१८ साली डिस्टंट यांनी त्याला ‘एम्पोआस्का डेव्हास्टन्स’ असे नाव दिले. डेव्हास्टन्स म्हणजे उद्ध्वस्त करणारा. नाव अर्थपूर्ण होते, परंतु टिकले नाही. इशिदा या जपानी संशोधकाने काही वर्षे आधीच हाच कीटक ‘बिगुटुला’ या नावाने वर्णिला होता. बिगुटुला म्हणजे दोन ठिपकेवाला. त्याच्या दोन्ही पुढच्या पंखांवर टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. आधी दिलेले नाव खरे, हा या शास्त्राचा दंडक. १९६७ मध्ये ‘आम्रास्का’ ही नवी प्रजाती स्थापन झाली आणि पुढे आपला तुडतुडा तिच्यात जाऊन बसला. आता तो ‘आम्रास्का बिगुटुला’. कोणी म्हणेल, नाव बदलल्याने रस शोषणे थोडेच थांबते? हा आक्षेप इंदूरच्या मातीत विशेष ऐकण्यासारखा आहे; कारण तो येथेच मोठ्या अधिकारवाणीने मांडला गेला.

१९२४ साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ स्थापन झाली. तिला इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचे आणि मध्य भारतातील संस्थानांचे साहाय्य होते. १९३१पर्यंत सर आल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी बसवलेली कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. हॉवर्ड यांचे मत असे की कीड हे रोगाचे मूळ नव्हे. वाण अयोग्य असेल किंवा जमीन निकस असेल, तर ते दाखवून देण्याचे काम कीड करते. किडीमागे धावू नका, पीक सुधारा.

यात तथ्य आहेच. मादी पानाच्या खालच्या बाजूस शिरांच्या आत अंडी घालते. पिले व प्रौढ रस शोषताना पानात विषारी लाळ सोडतात. मग पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळतात, तांबूस होतात आणि अखेर करपतात. माळव्याची देशी कपाशी हा मारा बऱ्यापैकी सोसते, अमेरिकन जातीची कपाशी फार सोसत नाही. पण अमेरिकन जातींतही ज्या झाडांच्या पानांवर लांब व दाट लव असते, त्यांवर तुडतुड्याचे फारसे चालत नाही. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन येथे पार्नेल यांनी १९२०नंतरच्या दशकात लवदार झाडे निवडून ‘यू-४’ हा प्रसिद्ध वाण तयार केला. हॉवर्ड यांचे म्हणणे याहून अधिक स्पष्टपणे कोण सिद्ध करणार?

तथापि तीच लव पांढऱ्या माशीला मात्र मानवते. म्हणजे शेतात कोणता कीटक आहे हे न पाहता वाण निवडला, तर एक संकट टळून दुसरे दारात उभे राहते. २००२ साली भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ती बोंडअळीसाठी होती. रस शोषणाऱ्यांना तिची बाधा नाही. बाजारात आलेले अनेक संकरित वाण तुडतुड्याला हळवे निघाले. बियाण्याला इमिडाक्लोप्रिडचा लेप देऊन वेळ मारून नेली. पण पुढे त्या औषधालाही तुडतुडे पूर्वीसारखी दाद देईनात.

रोगवाहक तुडतुड्यांची गोष्ट आणखी निराळी. तिळाच्या फुलांऐवजी हिरव्या पानांचे झुबके येतात, ती करणी ओरोसियस या तुडतुड्याची. वांग्याचे बोकड्या रोगाने खुरटलेले झाड हिशिमोनसचे. येथे रस किती शोषला याला महत्त्वच नाही. एका रोगी झाडावरून उडून निरोगी झाडावर बसणारा एक कीटक पुरेसा होतो. असे रोग विषाणूंचे नसून त्याहून निराळ्या सूक्ष्मजीवांचे असतात, हे १९६७ साली जपानी संशोधकांनी दाखवले. भातावर तर दोन हिरवे तुडतुडे शेजारी नांदतात. डोक्यावरच्या एका काळ्या पट्टीचा काय तो ठळक फरक. पण टुंग्रो रोग मुख्यतः पसरवतो तो पट्टी नसलेला. १९७१ साली या प्रजातीची नीट फेरतपासणी होईपर्यंत त्यांच्या नावांचा घोळ चालूच होता.

नावाची किंमत अलीकडे पश्चिम आफ्रिकेने मोजली. तेथे कपाशीवर एक हिरवा तुडतुडा पूर्वापार होता. २०२२ च्या हंगामात पिके नेहमीहून फार अधिक करपली, तेव्हा तपासणीत निघाला तो जुना परिचित नव्हे, तर आपला दोन ठिपकेवाला आम्रास्का! कोणी पाहुणा घरात शिरला हे नाव पटेपर्यंत कळलेच नव्हते. २०२३ साली तो प्वेर्तो रिकोत आढळला आणि त्यानंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात पोहोचला. तेथील कापूसवाल्यांना आता भारतातील जुने अहवाल चाळावे लागत आहेत.

आज इंदूरभोवतीच्या काळ्या जमिनीत कपाशीऐवजी बहुतेक सोयाबीन दिसते. सोयाबीनच्या पानांवरही लव असते. ती नसलेले वाण तुडतुड्यापुढे टिकत नाहीत, हे अमेरिकेत १९३५ सालीच नोंदले गेले होते. तेव्हा आपल्या शेतातील सोयाबीनवर कोण बसतो, हे पाहण्यास हरकत नाही. सकाळी गारव्याला, कीटक सुस्त असतात तेव्हा, झाडाखाली पांढरा कागद धरून झाड झटकावे; पडतील ते लगेच स्पिरिटच्या कुपीत टाकावेत. कुपीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असू द्यावी. तिच्यावर गाव, तारीख आणि मुख्य म्हणजे पिकाचे नाव लिहावे. शाई स्पिरिटमध्ये विरते. दहा-वीस कीटक घ्यावेत. त्यांत सगळ्या माद्याच निघाल्या, तर बहुधा पुन्हा शेतात जावे लागते.