टपालातील कचरा आणि टपालातील साक्ष

जुन्या पेढीत टपाल आले म्हणजे ते प्रथम आवक-जावक कारकुनाच्या मेजावर पडे. वरवर पाहता या गृहस्थाचे काम अगदी क्षुल्लक. परंतु दिवसभरात तो दोन महत्त्वाचे निर्णय घेत असे. फुकट औषधांच्या जाहिराती, लॉटरीची पत्रके, साखळीपत्रे तो पायाशी ठेवलेल्या टोपलीत टाकी. उरलेल्या पत्रांवर तारखेचा शिक्का मारून, क्रमांक घालून, ती वहीत नोंदवी आणि फाइलला लावी. टाकावे काय आणि राखावे काय, हे ते दोन निर्णय. पेढीचा मालक ते कधी तपासून पाहत नसे. मात्र पाच वर्षांनी एखादा दावा उभा राहिला म्हणजे सारी पेढी त्या कारकुनाच्या वहीभोवती गोळा होई.

तो कारकून आता बहुतेक कचेऱ्यांतून नाहीसा झाला आहे. व्यापाराचा पत्रव्यवहार ई-मेलने चालतो आणि कारकुनाचे काम मेल सर्व्हर नावाचा संगणक करतो. माणूस बदलला, काम मात्र तेच राहिले. टाकण्याच्या कामाला स्पॅमची चाळणी म्हणतात आणि राखण्याच्या कामाला ई-मेलचे दप्तर. पुष्कळ कंपन्या या दोहोंकडे केवळ यंत्रखात्याची बाब म्हणून पाहतात. वस्तुतः हा प्रश्न सचोटीचा आहे.

या कचऱ्याचा उगम पुष्कळ जुना आहे. अमेरिकेत संरक्षण खात्याच्या पैशातून अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे उभे राहिले होते. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्री-अधिकारी गॅरी थ्यूर्क यांनी त्या जाळ्यावरील सुमारे 400 जणांना एकच पत्र धाडले. आमचे नवे संगणक पाहावयास या, एवढेच आमंत्रण त्यात होते. कोणी न मागितलेल्या जाहिरातीचे ते पहिले मोठे उदाहरण म्हणून आज ओळखले जाते. पुढे अशा पत्रांना स्पॅम हे नाव पडले. मुळात ते 1937 साली बाजारात आलेल्या डबाबंद मांसाचे नाव. 1970 साली इंग्लंडमधील मॉन्टी पायथन या विनोदी मंडळीच्या एका प्रवेशात तो शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की दुसरे काही ऐकूच येईना. नको तेच पुनःपुन्हा कानी आदळणे, असा अर्थ त्याला तेथून चिकटला.

कचरा वाढला तो दोन कारणांनी. कागदी पत्राला तिकीट लागते. ई-मेलच्या दहा हजाराव्या प्रतीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. ई-मेल पाठविण्याचे नियम 1982 साली जोनाथन पोस्टेल यांनी लिहून प्रसिद्ध केले, तेव्हा या जाळ्यावरील मंडळी थोडी व परस्परांच्या विश्वासातील होती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि टपालखात्याने ते तपासू नये, तशीच मोकळीक त्या नियमांत राहिली. पुढे जग या जाळ्यात आले. मोकळीक तशीच राहिली आणि तिचा फायदा ठकांनी घेतला.

तेव्हा दारावर पहारा बसविणे प्राप्त झाले. आजच्या सर्व्हरवर हा पहारा अनेक पायऱ्यांचा असतो. पहिली पायरी काळ्या यादीची. ज्या संगणकांवरून कचरा येतो त्यांचे आकडी पत्ते या यादीत नोंदलेले असतात. अशी यादी पॉल विक्सी यांनी 1997 साली चालविली. यादीतील पत्त्यावरून कोणी आले की दार बंद. यात सोय आहे तसा अन्यायही आहे. एकाच पत्त्यावरून अनेक छोटे व्यापारी पत्रे पाठवीत असतात आणि एका शेजाऱ्याच्या लबाडीपायी बाकीच्यांचीही पत्रे अडतात. दुसरी पायरी 2003 साली इव्हान हॅरिस यांनी सुचविली. अनोळखी पाहुण्याला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगावयाचे. सरळमार्गी सर्व्हर पुन्हा येतो; घाईघाईने लाखो पत्रे फेकणारा बहुधा येत नाही.

तिसरी पायरी ओळखपत्राची. एसपीएफ या पद्धतीत कंपनी एका सार्वजनिक नोंदीत जाहीर करते की, आमच्या नावाने पत्रे धाडण्याचा अधिकार अमुक संगणकांनाच आहे. डीकेआयएम पद्धतीत प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उमटविली जाते. वाटेत मजकूर बदलला तर ती मोहोर जुळत नाही. डीमार्क या तिसऱ्या पद्धतीत, वाचकाला दिसणारे नाव या खुणांशी जुळले नाही तर पत्राचे काय करावे, याची सूचना खुद्द त्या नावाचा धनी देऊन ठेवतो. घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांवर या खुणांची सक्ती जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी 2024 पासून केली. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. या खुणा पत्र कोणाकडून आले एवढेच सांगतात. पाठविणारा सज्जन आहे की नाही, हे सांगत नाहीत. मोहोर खरी असली म्हणून मजकूर खरा ठरत नाही. ठकही स्वतःचे नाव रीतसर नोंदवून स्वतःची मोहोर उमटवू शकतो.

म्हणून शेवटी पत्र उघडून मजकूर पाहावा लागतो. येथे उपयोगी पडले ते अठराव्या शतकातील एका इंग्रज धर्मोपदेशकाचे गणित. थॉमस बेझ हे त्यांचे नाव. ते 1761 साली वारले. संभाव्यतेवरील त्यांचा निबंध त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी 1763 साली प्रकाशात आणला. दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्या कारणाचा अंदाज किती खात्रीने बांधता येईल, हा त्या निबंधाचा विषय. समजा, 100 कचरापत्रांपैकी 40 पत्रांत ‘बक्षीस’ हा शब्द आढळला आणि 100 खऱ्या पत्रांपैकी केवळ 2 पत्रांत. दोन्ही प्रकारची पत्रे सारख्याच संख्येने येत असतील, तर हा शब्द असलेले नवे पत्र कचरा असण्याची शक्यता 42 पैकी 40, म्हणजे सुमारे 95 टक्के. असे अनेक शब्द एकत्र तोलले म्हणजे निर्णय पक्का होत जातो. मात्र जी संस्था शाळांतील स्पर्धांची बक्षिसे वाटते, तिच्या टपालात हाच शब्द रोज येणार. म्हणून चाळणीला प्रत्येक कचेरीचे स्वतःचे टपाल पाहूनच शिकावे लागते. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी या पद्धतीवर लिहिलेला लेख फार गाजला. त्यांनी आपल्या हिशेबात खऱ्या पत्रांतील शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती. संशयाचा फायदा पत्राला मिळावा, हा हेतू. आजच्या चाळण्यांची गणिते याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहेत. परंतु ते पारडे झुकते ठेवण्यामागील शहाणपण अद्याप शिळे झालेले नाही.

कारण चाळणीच्या चुका दोन प्रकारच्या असतात आणि त्या सारख्या नसतात. कचरा आत आला तर वाचणाऱ्याचा अर्धा मिनिट जातो. त्यात फसवे पत्र असेल तर नुकसान मोठे होऊ शकते. परंतु निदान ते डोळ्यांपुढे असते. खरे पत्र कचऱ्यात गेले, तर ते गेले हे कोणालाच कळत नाही. समजा, एखाद्या सर्व्हरवर दिवसाला 4,000 खरी पत्रे येतात आणि चाळणी हजारात एकच चूक करते. तरी रोज चार खरी पत्रे गडप होतात. त्यांत एखादी मालाची मागणी असेल, नोकरीसाठी तळमळणाऱ्या तरुणाचा अर्ज असेल, निविदेचे उत्तर असेल. पाठविणारा म्हणतो, ‘मी पाठविले’; घेणारा म्हणतो, ‘मला मिळालेच नाही’. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघेही एकमेकांना खोटे समजतात. वर्षानुवर्षांचा व्यवहार अशा एका पत्रावरून तुटू शकतो.

यास्तव सर्व्हरच्या रखवालदाराने पाळावयाचा पहिला नियम असा की, नाकारावयाचे ते तोंडावर नाकारावे. दारातच नकार दिला तर पाठविणाऱ्याकडे तशी सूचना परत जाते. तो दूरध्वनी करील, दुसरा मार्ग शोधील. पत्र घेतल्याचे सांगून ते गुपचूप फेकून देणे हा विश्वासघात होय. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या ई-मेलच्या सुधारित नियमांतही असे मुकाट्याने फेकणे अगदी पक्की खात्री असेल तेव्हाच करावे, असे बजावले आहे. जे पत्र संशयास्पद वाटले तरी स्वीकारले, ते वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि तो कप्पा कोणीतरी माणसाने रोज उघडून पाहावा.

आता राखण्याचा विचार. येथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘आमच्याकडे रोज रात्री बॅकअप होतो’, असे सांगून पुष्कळजण निश्चिंत असतात. बॅकअप म्हणजे यंत्र बिघडले तर कालची स्थिती पुन्हा उभी करण्याची तजवीज. काही आठवड्यांनी जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी येते. सकाळी आलेले पत्र कोणी दुपारी पुसून टाकले, तर रात्रीच्या बॅकअपमध्ये ते नसतेच. दप्तराची रीत निराळी. पत्र सर्व्हरवर येताक्षणी किंवा तेथून निघताक्षणी त्याची एक प्रत स्वतंत्र ठिकाणी जाते. ती कोणाला बदलता येत नाही, मुदतीपूर्वी पुसता येत नाही आणि कोणी पाहिली तर त्याचीही नोंद राहते. एक आठवण ठेवण्याचे साधन आहे, दुसरे साक्ष ठेवण्याचे.

या साक्षीचे मोल जगाला कळले ते एन्रॉन या कंपनीच्या पतनानंतर. टेक्सासमधील ह्यूस्टन येथील ही वीजकंपनी मराठी माणसाला चांगलीच परिचयाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातला दाभोळ वीज प्रकल्प तिचाच. हिशेबातील लबाड्या उघड होऊन 2 डिसेंबर 2001 रोजी तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधीच्या काही आठवड्यांत तिच्या हिशेबतपासनिसांच्या, म्हणजे आर्थर अँडरसन या पेढीच्या कचेरीत कागदांच्या चिंध्या झाल्या आणि ई-मेल पुसले गेले. 2002 साली ज्यूरीने त्या पेढीला दोषी ठरविले. ज्यूरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या, म्हणून 2005 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. परंतु तोवर ती जुनी पेढी मोडून पडली होती आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता असे हजारो नोकर रस्त्यावर आले होते. 2002 साली अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली कायदा झाला. चौकशीत अडथळा आणण्यासाठी दस्तऐवज नष्ट करणाऱ्यास 20 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे.

एन्रॉनची कथा येथेच संपत नाही. कॅलिफोर्नियातील वीजटंचाईची चौकशी करणाऱ्या अमेरिकी वीज-नियामक आयोगाने त्या कंपनीचे ई-मेल ताब्यात घेऊन 2003 साली ते सर्वांसाठी खुले केले. संशोधकांच्या हाती त्यातील सुमारे 150 जणांची पाच लाखांवर पत्रे आली. 2006 साली ग्रीसमधील संशोधकांनी त्यांपैकी सहा जणांची खरी पत्रे घेतली, त्यांत इतरत्र जमविलेला कचरा मिसळला आणि त्यावर बेझच्या चाळण्यांची परीक्षा घेतली. खऱ्या व्यापारी पत्रांचा असा साठा दुसरीकडे मिळणे दुर्घट होते. एका बुडालेल्या कंपनीचे दप्तर अशा रीतीने जगभरच्या चाळण्यांचे क्रमिक पुस्तक बनले. मात्र त्या पत्रांत घरगुती सुखदुःखे होती, निरपराध नोकरांच्या खाजगी गोष्टी होत्या. त्याही जगापुढे उघड्या पडल्या. तक्रारींनंतर काही पत्रे वगळण्यात आली, पण एकदा वाचलेले न वाचलेले करता येत नाही. दप्तर गुन्हेगाराला उघडे पाडते तसे निरपराधालाही पाडू शकते, हा धडा दुसऱ्या बाजूने मिळाला.

भारतातही आता हा विषय दूरचा राहिलेला नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या एका खटल्यात चित्रफितींचा पुरावा पुढे आला होता. मूळ यंत्र हजर केले नसेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली त्यात दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा प्रमाणपत्रात हॅश नावाचा आकडाही द्यावा लागतो. हा आकडा मजकुरावरून गणिताने काढतात. पत्रातील एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार बदलतो. ज्या कंपनीने पत्र येताच हा आकडा नोंदवून ठेवला, तिला वर्षांनंतरही सांगता येते की पत्र जसे आले तसेच आहे.

आता चाळणी आणि दप्तर यांची गाठ कोठे घालावी, हा कळीचा प्रश्न. सारेच कचऱ्यासकट दप्तरात भरले, तर साठा फुगतो आणि हवे ते सापडेनासे होते. चाळून उरले तेवढेच भरले, तर चाळणीने चुकून गिळलेले खरे पत्र दप्तरातही सापडत नाही. चूक झाल्याची खूणच उरत नाही. समंजस मार्ग असा की, दारात उघडपणे नाकारले ते दप्तरात जाऊ नये. परंतु सर्व्हरने एकदा स्वीकारले ते, संशयाच्या कप्प्यातील पत्रांसह, दप्तरात जावे. स्वीकारले म्हणजे जबाबदारी आली. दप्तराला मुदतही असावी. कोणत्या प्रकारची पत्रे किती वर्षे ठेवावयाची हे आधी लिहून ठरवावे, मुदत सरली की ती नष्ट करावी आणि खटल्याची चाहूल लागताच ते नष्ट करणे थांबवावे. आधी ठरवून केलेला नाश ही शिस्त. चौकशीची पावले ऐकू आल्यावर केलेला नाश हा अपराध. कागद तोच असतो. वेळ निराळी असते.

पुष्कळ कंपन्यांत या यंत्रणा एकदा बसविल्या जातात आणि मग विसरल्या जातात. संशयाचा कप्पा महिनोन् महिने कोणी उघडत नाही आणि दप्तरातून एखादे जुने पत्र शोधून पाहण्याची तालीम कधी होत नाही. जुना कारकून निदान टोपली रिकामी करण्यापूर्वी एकदा तीत डोकावून पाही. एखादे पाकीट उचलून, चष्मा पुसून, पुन्हा मेजावर ठेवी. यंत्राने त्याचे काम घेतले. ते डोकावून पाहणे मात्र अजून माणसाकडेच आहे.