निवृत्तीनंतरची हत्यारं



रायपूरजवळचं सिलतरा म्हणजे स्पंज आयर्न आणि पोलादाच्या कारखान्यांचा परिसर.
अशा ठिकाणी आयुष्यभर यंत्रांशी काम केलेला माणूस निवृत्त होतो...
आणि त्याचे हात शिवशिवू लागतात.

ड्रिल हवंसं वाटतं.
ग्राइंडर हवा.
वेल्डिंग मशीनही हवं.

ही ओढ खरी आहे.
ती कामावरच्या प्रेमातून येते.

पण आधी काम ठरवा, मग हत्यार घ्या.

भिंतीला एखादंच भोक पाडायचंय?
ड्रिल भाड्यानं आणा.
बॅटरीचं ड्रिल नुसतं पडून राहिलं, तरी बॅटरी कमजोर होते.
वेल्डिंग मशीन तर भरपूर वीज ओढतं.
घरातली वायरिंग तो भार पेलेलच, असं नाही.

पुन्हा सांगते...
आधी काम, मग हत्यार.

पाना आणि पक्कड मात्र चांगलीच घ्या.
सैल बसणारा पाना नटाचे कोपरे झिजवतो.