सगळं मिळालं, तरी रितं का वाटतं?

आवणी उरकली, जरा बसायला वेळ मिळाला असेल, म्हणून आज थोडं मनाचं बोलू.

आपल्या मावळात बायांनी हिमतीनं धंदे उभे केलेत. कुणी इंद्रायणी तांदूळ पाकिटं भरून विकते, कुणी लोणावळ्याच्या दुकानांना माल देते, कुणी पवनेकाठी आलेल्या पाहुण्यांना पिठलं-भाकरी करून वाढते. बँकेचा हप्ता वेळेवर जातो. अशीच एखादी ताई बैठक संपल्यावर चपला घालता घालता हळूच म्हणते, "सगळं चांगलं चाललंय, पण आतून बरं वाटत नाही." शेजारची लगेच म्हणते, "सुख दुखतंय तुला!"

बायांनो, सुख दुखत नसतं. दुसरंच काहीतरी दुखत असतं, ते शोधायला हवं.

कधी ती नुसती दमणूक असते. धंदा वाढला, पण घरातलं एकही काम कमी झालं नाही. अशा बाईला आधी पुरती झोप हवी आणि घरातल्यांचा हात हवा.

कधी पैसा ती मिळवते, पण खर्च दुसरंच कुणी ठरवतं. पासबुक तिच्या नावाचं, एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात. तिथं मनाची समजूत घालत बसू नका. कार्ड मागून घ्या. एकटीला जमत नसेल तर गटानं सोबत उभं राहावं.

आणि कधी हे सगळं ठीक असूनही काम आपलं वाटत नाही. तेव्हा मला ताराबाई मोडक आठवतात. त्यांचा जन्म १८९२ चा. त्या काळात बी. ए. होऊन राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या त्या प्रमुख झाल्या. पगार, मान, खुर्ची, सगळं होतं. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाच्या कामाला लागल्या. पुढे १९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. गरिबांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपली नातवंडं जातात ती 'अंगणवाडी', हे नाव तिथलं. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना आली, त्यात हेच नाव गावोगाव पोचलं.

ताराबाईंनी शिकवणं सोडलं नाही. कुणासाठी शिकवायचं, ते बदललं. म्हणून मी तुम्हाला धंदा बंद करा म्हणत नाही. आठवड्यातले दोन तास मनाजोगत्या कामाला द्या. कुणाची दहावी राहिली असेल, तिनं १७ नंबरचा फॉर्म भरावा. कुणाला हिशेब चांगला येत असेल, तिनं वस्तीतल्या दोन पोरींना शिकवावा. कुणाला सासूच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवाव्याशा वाटत असतील, तिनं आजच वही काढावी.

एक मात्र सांगते. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. आरोग्य केंद्रात जा, किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो.

आपल्या पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्ज, परतफेड, नोंदी आहेत. पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर दहा मिनिटं थांबा आणि एकमेकींना विचारा, "तुला काय करावंसं वाटतं गं?" उत्तर येईस्तोवर कुणी उठू नका.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.