अंगण खरेंच वांकडें असेल तर?

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानीं पडते. स्वतःच्या उणिवेचा दोष साधनाच्या माथीं मारणाऱ्यास ती झोंबते, आणि झोंबावीहि. परंतु म्हण ऐकविणाऱ्यानें अंगण एकदां तरी मोजून पाहिलें होतें काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आजच्या भाषणाचा विषय असें एक अंगण आहे, कीं जें पुष्कळदां खरोखरीच वांकडें असतें. व्हिडिओ गेमबरोबर मिळणारीं प्लॅस्टिकचीं वाद्यें, हें तें अंगण.

२००५ सालीं अमेरिकेंत ‘गिटार हीरो’ नांवाचा खेळ निघाला आणि २००७ सालीं ‘रॉक बँड’ आला. पहिल्याबरोबर तारा नसलेली गिटार मिळे. दुसऱ्याबरोबर गिटारीखेरीज चार तबकड्यांचा ड्रम व पायानें दाबावयाचें पेडलहि मिळे. गिटारीच्या दांड्यावर हिरवी, तांबडी, पिवळी, निळी व नारिंगी अशा पांच कळा असतात, आणि तार छेडावी तशी हलविण्यासाठीं एक पट्टी असते. पडद्यावर रंगीत खुणा सरकत येतात. खूण रेषेवर येतांच त्या रंगाची कळ दाबून पट्टी हलवावयाची. वेळ साधली तर गुण मिळतो. चुकली तर सूर तुटतो. म्हणजे हें खेळणें एकाच वेळीं वाद्यहि आहे आणि परीक्षकहि आहे. सारी गोम येथेंच आहे.

या परीक्षकाचे कान म्हणजे आंतील स्विच. कळेखालीं रबरी पापुद्रा असतो आणि त्याच्या तळाशीं कार्बनची टिकली. कळ दाबली कीं ती टिकली खालच्या छापील पट्टिकेला टेकते आणि विजेचें मंडळ पूर्ण होतें. हजारों वेळां दाबून रबर सैल पडतें, कार्बन झिजतो, त्यावर धूळ बसते. छेडण्याच्या पट्टीखालचे बारीक स्विच झिजले म्हणजे एका छेडीच्या दोन मोजल्या जातात, किंवा एकहि मोजली जात नाहीं. पेडलाचें दुखणें याहून ढोबळ. त्यांतील लोहचुंबक खालच्या स्विचाजवळ येतो व दूर जातो. ही योजना चांगली आहे, पण वरची पायपट्टी पडली प्लॅस्टिकची! गाणें रंगांत आलें कीं पायाचा भार वाढतो आणि पट्टी तडकते. ‘रॉक बँड’च्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत निर्मात्यांनींच पेडलाला धातूची जोड दिली, यावरून मूळचें दुबळेपण ध्यानांत येईल.

आतां अशी कल्पना करा, कीं एका घरांत बारा वर्षांची मुलगी हा खेळ खेळत आहे. ती ताल बरोबर धरते, कळ बरोबर दाबते. पण दहांतली एक खूण यंत्र नाकारतें. वडील माणसें म्हणतात, “अजून सराव कर, बाळ.” ती अधिक जोरानें दाबूं लागते. मनगट ताठरतें, आणि आधींच झिजलेला भाग अधिक झिजतो. शेवटीं ‘मला तालच नाहीं’ असा निकाल ती स्वतःवर देऊन मोकळी होते. खेळणें मोडलें तर चार पैसे जातात. हा चुकीचा निकाल मात्र पुष्कळ वर्षें सोबत राहतो.

म्हणून आधीं अंगण मोजावें. गाणें बंद करून एकच कळ संथपणें वीस वेळां दाबावी, आणि यंत्रानें किती मोजल्या तें पाहावें. वाद्य संगणकाला जोडल्यास हें सहज कळतें. वीसच्या वीस मोजल्या गेल्या तर म्हण खरी, सराव वाढवावा. अठराच मोजल्या गेल्या तर दोष हाताचा नव्हे.

दोष साधनाचा ठरल्यास उपाय अवघड नाहीं. प्रथम बॅटरी काढावी. झिजलेल्या स्विचाच्या जागीं त्याच मापाचा चांगल्या प्रतीचा स्विच डाख देऊन बसवावा. कांहीं हौशी लोक रबरी कळा काढून संगणकाच्या कीबोर्डांतील स्प्रिंगचे स्विच घालतात. त्यासाठीं आंतील जागा थोडी कोरावी लागते. पेडलावर अॅल्युमिनियमची किंवा पोलादाची पट्टी नटबोल्टांनीं आवळावी. नागपुरांत असल्या सामानासाठीं इतवारीची लोहा ओळ आहे. मात्र एका भागाला बळ दिलें कीं ताण शेजारच्या भागाकडे सरकतो. पायपट्टी पोलादी झाली तर बिजागरी तुटूं शकते, तीहि तपासावी.

दुबळ्या वाद्याला बळ देण्याचा हा उद्योग महाराष्ट्राला नवा नाहीं. १९१२ सालीं जपानांत नागोया येथें ‘ताइशोगोतो’ नांवाचें, टाइपरायटरसारख्या कळांचें लहानसें तंतुवाद्य निघालें. भारतांत तें ‘बुलबुलतरंग’ झालें, आणि खेळण्यांच्या दुकानांतहि जाऊन बसलें. आपल्याकडील वादकांनीं त्याला पिकअप बसविला, ध्वनिवर्धकाशीं जोडलें, आणि ‘बेंजो’ म्हणून गणेशोत्सवाच्या मिरवणुकींत आणलें. ज्याला लोक खेळणें समजत, तें मिरवणुकीचें मुख्य वाद्य झालें.

‘गिटार हीरो’चा कारभार त्याच्या प्रकाशकांनीं २०११ सालीं गुंडाळला. पुढें २०१५ सालीं दोन्ही खेळांच्या नव्या आवृत्त्या आल्या, २०२४ सालीं एक नवी गिटारहि बाजारांत आली. पण त्या पहिल्या काळचीं वाद्यें आतां घडत नाहींत. जीं शिल्लक आहेत तीं दुरुस्तीवरच जगतील.

नव्या स्विचानें कोणाला ताल येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. चांगलें साधन एवढेंच करतें, कीं हातानें जें केलें तें जसेंच्या तसें सांगतें. मग चूक झाली तर ती आपली चूक असते, आणि आपली चूक सुधारतां येते. तेव्हां ती जुनी म्हण मुलांना अवश्य ऐकवावी. फक्त ऐकविण्यापूर्वीं अंगणावर एकदां दोरी धरून पाहावी.